संगणक प्रणाली : कूळ आणि डागडुजी

लक्ष्मीपूजनाला आमच्या खान्देशात अजूनही वहीपूजन होते. दुकानदार पाटावर नवी वही मांडतो, पहिल्या पानावर 'शुभ-लाभ' लिहितो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या वहीच्या शेजारी संगणकही येऊन बसला आहे. पडद्याला झेंडूची माळ, की-बोर्डला हळदीकुंकू. फटींत गेलेले ते कुंकू काढायचे काम पाडव्यानंतर माझ्याकडे येते.

२०२५ मध्ये मात्र कुंकवाआधीच एक प्रश्न आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवायचे जाहीर केले होते, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक आठवडा आधी. त्या दिवशी संगणक बंद पडणार नव्हता. तो कालच्यासारखाच सुरू होणार होता. फक्त त्यात पुढे सापडणारी भोके कोणी आपोआप बुजवणार नव्हते. पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी हे वाचले आणि मला विचारले, "भाऊ, आते काय करानं? लिनक्स टाकी देवानं का? ते सुरक्षित ऱ्हास म्हणतस."

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला असा की, कोणती प्रणाली मुळात पक्की बांधली गेली? दुसरा असा की, आज ती पक्की राहावी म्हणून कोण काय करते? पहिला प्रश्न कुळाचा आहे, दुसरा डागडुजीचा. आपल्याकडे वाद पहिल्यावर होतात आणि नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे होते. हे मला एका चुकीने शिकवले. ती चूक पुढे सांगणारच आहे. आधी कुळे पाहू.

वाड्याचा कारभारी

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाच्या वाड्यातला कारभारी. कोणत्या प्रोग्रामला स्मृतीतली किती जागा द्यायची, कोणती फाइल कोणी उघडायची, छपाईयंत्राकडे आधी कोणाचे काम पाठवायचे, हे सगळे तो ठरवतो. या कारभाऱ्याचा गाभा म्हणजे 'कर्नल'. एका बिऱ्हाडकरूला दुसऱ्याच्या खोलीत डोकावू न देणे आणि वाड्याच्या तिजोरीला मालकाशिवाय कोणाला हात लावू न देणे, ही त्याची मुख्य कामे. सुरक्षितता म्हणतात ती मुळात एवढीच.

हा कारभारी किती कडक असेल, हे पुष्कळदा तो कोणत्या घरात वाढला यावर ठरले.

तीन घराणी

पहिले घराणे युनिक्सचे. १९६०च्या दशकात एक संगणक म्हणजे एक खोलीभर यंत्र होते, आणि अनेक माणसे ते एकाच वेळी वापरत. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज या तिघांनी 'मल्टिक्स' नावाची मोठी प्रणाली हाती घेतली. १९६९ मध्ये बेल लॅब्जने त्यातून अंग काढले. तिथल्याच केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बाजूला पडलेल्या एका छोट्या यंत्रावर आपली आटोपशीर प्रणाली उभी केली. तीच युनिक्स. १९७३ मध्ये ती 'सी' भाषेत नव्याने लिहिली गेली आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली. चाळीत अनेक बिऱ्हाडे असली की प्रत्येक खोलीला कडी लागतेच. तसे युनिक्समध्ये पहिल्यापासून प्रत्येक फाइलला मालक होता, आणि कोणी वाचावे, कोणी लिहावे याची नोंद होती.

दुसरे घराणे डॉसचे. १९८० मध्ये सिएटलमधल्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी एक प्रणाली लिहिली. तिचा नमुना होता गॅरी किल्डॉल यांची 'सीपी/एम'. मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये ती विकत घेतली आणि त्याच वर्षी आयबीएमच्या नव्या 'पर्सनल कॉम्प्युटर'साठी दिली. नावातच आले होते : यंत्र एकाचे, वापरणारा एक. मळ्यातल्या एकट्याच्या झोपडीला आतून खोल्या नसतात. तशा डॉसला कड्या नव्हत्या. विंडोज ९५ आणि ९८ दिसायला रंगीत झाल्या, पण पाया याच झोपडीचा राहिला. ज्यांनी त्या वापरल्या त्यांना आठवत असेल : सुरुवातीला पासवर्डची चौकट यायची आणि 'कॅन्सल'वर टिचकी मारली तरी आत जाता यायचे.

तिसरे घराणे फार लोकांना ठाऊक नसते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत 'व्हीएमएस' ही भक्कम प्रणाली घडवणाऱ्यांपैकी एक होते डेव्ह कटलर. १९८८ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि त्यांनी कोऱ्या कागदापासून 'विंडोज एनटी' लिहायला घेतली. १९९३ मध्ये ती बाजारात आली. तिच्यात खोल्या, कड्या, मालक, परवाने सगळे होते. सन २००१ मधल्या विंडोज एक्सपीने सामान्य ग्राहकासाठी डॉसचा पाया सोडला आणि एनटीचा घेतला. आजच्या विंडोज १० आणि ११ याच वंशातल्या आहेत. म्हणून 'विंडोज म्हणजे मुळात डॉस, ती कशी सुरक्षित असेल?' हे वाक्य निदान चोवीस वर्षे जुने झाले आहे.

मग एक्सपीची इतकी बदनामी का झाली? कड्या होत्या, पण उघड्या ठेवल्या होत्या. घरी बसवलेल्या एक्सपीत वापरणारा सहसा वाड्याचा मालक म्हणूनच आत शिरायचा. त्याने चुकून चालवलेला विषाणूही मग मालकाच्या अधिकाराने वागायचा. जुने प्रोग्राम झोपडीच्या सवयीने लिहिलेले होते. कड्या लावल्या असत्या तर ते अडले असते. कूळ बदलले तरी सवयी एका दिवसात बदलत नाहीत.

उतरवलेली पोथी आणि नव्याने लिहिलेली पोथी

हा भाग समजायला मला धुळ्याचा उपयोग झाला. इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन १९२६च्या अखेरीस धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गोळा केलेल्या रामदासी पोथ्यांचे समर्थ वाग्देवता मंदिरही इथलेच. पोथ्यांशी ओळख असलेल्या माणसाला एक सवय लागते : समोरची प्रत पाहिली की ती कोणत्या प्रतीवरून उतरली, हे तो आधी विचारतो. देवांनी दासबोध छापला तो डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. कारण मूळ वक्त्याच्या जितके जवळ जावे तितकी भेसळ कमी.

हाच प्रश्न प्रणालींना विचारून पाहू. युनिक्सची मूळ संहिता बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टीकडे होती. सरकारशी १९५६ मध्ये झालेल्या तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, म्हणून तिने युनिक्स विद्यापीठांना अल्प किमतीत दिली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने तिची प्रत उतरवून घेतली आणि तिच्यात इतकी भर घातली की 'बीएसडी' ही वेगळी शाखाच झाली. पुढे एटी अँड टीच्या उपकंपनीने १९९२ मध्ये खटला भरला की, हे आमचेच लिखाण आहे. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फाइलींपैकी फक्त ३ काढाव्या लागल्या आणि इतर ७० फाइलींवर मालकीची टीप घालावी लागली. मूळ पोथीचे एकेक पान बदलत गेले होते आणि जुने फारच थोडे उरले होते. स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीची प्रणाली बीएसडी आणि 'माख' या कर्नलवर उभी होती. ॲपलने १९९६च्या डिसेंबरात नेक्स्ट विकत घ्यायचे जाहीर केले आणि २००१ मध्ये त्यातूनच मॅक ओएस एक्स आली. आयफोनची प्रणालीही तिचीच धाकटी बहीण.

लिनक्सचे तसे नाही. तिच्यात युनिक्सचे एकही पान उतरवलेले नाही. युनिक्स कशी वागते हे पाहून, तशीच वागणारी पण स्वतंत्र लिहिलेली प्रणाली घडवायचे १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ठरवले. त्यांच्या 'जीएनयू' प्रकल्पाने बाकी बरेच काही तयार केले, पण गाभा राहिला होता. तो हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. दोहोंच्या मिलाफाला आपण लिनक्स म्हणतो. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि पुढे द्यावी, एवढी अट की पुढच्यालाही तीच मोकळीक मिळावी. अँड्रॉइड फोनच्या पोटातही याच लिनक्सचा कर्नल आहे. म्हणजे 'लिनक्स अवघड असते' असे म्हणणारा आपला मळेकरीही दिवसभर खिशात लिनक्सच घेऊन फिरत असतो.

'स्वदेशी' प्रणालींचीही वंशावळ पाहावी. सी-डॅकची 'बॉस' डेबियन या लिनक्सवर आधारलेली आहे. संरक्षण मंत्रालयासाठी तयार झालेल्या 'माया' प्रणालीची बातमी २०२३ मध्ये आली, ती उबुंटूवर आधारित, आणि उबुंटू स्वतः डेबियनवरून आली. मद्रास आयआयटीच्या परिसरात घडलेल्या 'भारओएस'चा आधार अँड्रॉइडची खुली संहिता. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दासबोधाची प्रत धुळ्यात उतरवली म्हणून तो धुळ्याचा ग्रंथ होत नाही, पण ती प्रत धुळ्यात वाचता येते, तपासता येते आणि जपता येते. स्वदेशीचा खरा लाभ तिथे आहे : वाचणारी, दुरुस्त करणारी माणसे आपल्याकडे असण्यात. ती माणसे नसतील तर नाव कितीही देशी ठेवले तरी उपयोग नाही.

चांगल्या कुळाची भोके

युनिक्स-लिनक्सचे कूळ चांगले, संहिता उघडी. मग प्रश्न सुटला का? इतिहास तसे सांगत नाही.

इंटरनेटवरून पसरून हाहाकार माजवणारा पहिला प्रसिद्ध कीडा २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला तो कीडा पसरला बीएसडी युनिक्सच्या यंत्रांवर. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० संगणक त्याने जायबंदी केले. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'बॅश' या प्रोग्राममधले 'शेलशॉक' हे भोक २०१४ मध्ये सापडले, आणि ते १९८९ पासून तिथेच होते. पंचवीस वर्षे संहिता सर्वांसमोर उघडी होती. उघडी पोथी आणि वाचलेली पोथी यांत फरक असतो. मॅकला विषाणू होत नाहीत असे म्हणणाऱ्यांनाही २०१२ मध्ये धडा मिळाला. 'फ्लॅशबॅक' या विषाणूने सुमारे ६ लाख मॅक ग्रासले होते.

उलट बदनाम घराण्याने सुधारणा केली. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षिततेला पहिली जागा द्यायला सांगितले, आणि नवे काम थांबवून जुनी संहिता तपासायला घेतली गेली. २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने बाहेरून येणारी जोडणी अडवणारी भिंत आपोआप उभी केली. नंतरच्या व्हिस्टाने मालकाच्या अधिकाराचे काम आले की विचारून घ्यायला सुरुवात केली. लोक त्या विचारण्याला वैतागले, पण कडी लागली ती तेव्हा.

पुष्पिका आणि क्षेपक

जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. लेखनिक आपले नाव, गाव, शके, तिथी लिहितो. अध्यायाच्या शेवटी ओव्यांची संख्या देतो, म्हणजे मध्ये कोणी ओवी घुसडली किंवा गाळली तर मोजून कळावे. काही लेखनिक असेही लिहितात की, समोरच्या प्रतीत जसे दिसले तसे उतरवले, चुकले असेल तर दोष मला देऊ नये. आजच्या जवळपास प्रत्येक प्रणालीच्या परवान्यात, विकाऊ असो की फुकट, हे शेवटचे कलम वकिली भाषेत सापडते.

ओव्यांच्या मोजणीचे आजचे रूप म्हणजे 'हॅश'. संपूर्ण फाइलवर एक ठरावीक गणित चालवून येणारी अंकाक्षरांची ओळ. एक अक्षर बदलले तरी ओळ पूर्ण बदलते. लेखनिकाच्या नावाचे आजचे रूप म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. अधिकृत अपडेट आले की प्रणाली आधी या दोन गोष्टी तपासते आणि मगच ते आत घेते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. क्षेपकाची भीती तेव्हाही होती. संगणकाच्या जगात क्षेपक किती बेमालूम असू शकतो, हे २०२४ मध्ये दिसले. 'एक्सझेड' नावाचे फाइली दाबून लहान करणारे एक साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. त्याची देखभाल एक थकलेला माणूस फावल्या वेळात करत होता. 'जिया टॅन' या नावाने कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मनापासून मदत केली, विश्वास मिळवला, आणि मग त्यात चोरदरवाजा घातला. त्याला जागे करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या मूळ संहितेत नव्हताच; तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. म्हणजे मूळ पोथी वाचणाऱ्याला क्षेपक दिसणार नाही, आणि उतरवलेली प्रत वापरणाऱ्याच्या घरात मात्र तो शिरेल.

तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून त्यांना शंका आली. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. बहुतेक लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोहोचण्याआधीच थांबले. फ्रॉइंड नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये. घराण्यांच्या भांडणात रस असणाऱ्यांनी ही नोंद जपून ठेवावी. आणि हेही लक्षात घ्यावे की, संहिता उघडी होती म्हणूनच बाहेरचा एक माणूस शंकेच्या मुळापर्यंत जाऊ शकला.

युनिक्सचे जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात याच्याही पलीकडची गोष्ट दाखवली होती. संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रामच भेसळीचा असेल, तर स्वच्छ संहितेतूनही चोरदरवाजा तयार होईल, आणि संहिता कितीही वाचली तरी तो दिसणार नाही. शेवटी आपण कोणत्या तरी माणसावर विश्वास टाकतोच. प्रश्न एवढाच की, त्याचे नाव पुष्पिकेत आहे का?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. दुकानदाराने 'टाकून दिलेली' चोरटी विंडोज आणि तिला चालू करणारा 'क्रॅक' ही निनावी लेखनिकाची प्रत आहे. क्रॅक बसवताना विषाणूरोधक बंद करायला सांगतात, आणि पुढे 'पकडले जाऊ' म्हणून अपडेटही बंद ठेवतात. मूळ विंडोज कितीही चांगली असली तरी ही विंडोज ती नव्हे.

माझी चूक

आता कबुली. जिल्ह्यातल्या एका शाळेच्या कार्यालयातले संगणक मी बघत असे. नेट मोबाइलच्या डोंगलवर चाले. परीक्षेच्या दिवसांत अपडेट सुरू झाले की यंत्र तासभर अडकून पडे आणि डेटा पॅक संपे. लिपिक वैतागत. २०१७च्या सुरुवातीला मी स्वतः तीनही संगणकांवरचे अपडेट बंद केले. सगळे खूश झाले.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक गंभीर भोक बुजवणारे अपडेट दिले होते. १२ मे रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर कीडा जगभर शिरला. दीडशेच्या वर देशांत दोन लाखांहून जास्त संगणकांतल्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या. इंग्लंडमधली रुग्णालये अडली. त्याच्या तडाख्यात सापडलेले बहुतेक संगणक विंडोज ७चे होते, आणि ज्यांनी मार्चचे अपडेट घेतले होते ते या कीड्यापासून वाचले. आमच्या शाळेचे नाही वाचले. ते अपडेट आणि ते संगणक यांच्यामध्ये मी उभा होतो.

शाळा सोडल्याच्या दाखल्यांची सगळी माहिती गेली. वाचवले ते कपाटातल्या जनरल रजिस्टरने. लिपिक आणि त्यांच्या मदतीला आलेली एक निवृत्त शिक्षिका यांनी कागदावरून ती पुन्हा टंकली, पुढचे अडीच महिने. त्या बाईंनी मला एक शब्दही ऐकवला नाही. म्हणून मी ही गोष्ट विसरू शकलो नाही.

डागडुजीचे हिशेब

ही फक्त खेड्यातल्या शाळेची गोष्ट नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या'ने मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज ठप्प केले. न्हावाशेवा बंदरातले तिचे टर्मिनलही अडले, जिथून आपल्या भागातली केळी परदेशी जातात. कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. त्या हल्ल्याची सुरुवात मात्र युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाली होती. डागडुजी करणाऱ्याचाच हात चोरांनी वापरला.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने पुढच्या वर्षी त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. त्याच ऑक्टोबरात अमेरिकी संस्थांनी, आशिया-आफ्रिकेतल्या बँकांची एटीएम व्यवस्था फोडणाऱ्या उत्तर कोरियाई टोळीबद्दल इशारा दिला. त्यात कॉसमॉसचे नाव नव्हते, पण एक वाक्य महत्त्वाचे होते : त्यांनी तपासलेले सगळे बळी सर्व्हर एआयएक्स या प्रणालीच्या, देखभाल संपलेल्या आवृत्त्यांवर चालत होते. एआयएक्स ही आयबीएमची युनिक्स. कूळ थेट बेल लॅब्जचे. डागडुजी थांबलेली. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही जून २०१८ मध्ये बँकांना बजावले होते की, एटीएममधल्या एक्सपीसारख्या देखभाल संपलेल्या प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. एक्सपीची देखभाल तर एप्रिल २०१४ मध्येच संपली होती.

डागडुजीलाही धोका असतो, हे १९ जुलै २०२४ रोजी कळले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. म्हणून काय घराची डागडुजी सोडायची? नाही. पण वाड्याची सगळी दारे एकाच सुताराकडे एकाच दिवशी द्यायची नाहीत, आणि जनरल रजिस्टर कपाटात ठेवायचे.

पतसंस्थेला दिलेले उत्तर

व्यवस्थापकांपुढे मी तिन्ही संगणक उघडून बसलो. 'लिनक्स की विंडोज' याऐवजी प्रत्येक यंत्राला चार प्रश्न विचारले : ही प्रत कोणाच्या हातची? देखभाल कधीपर्यंत? अपडेट खरोखर होते का? उद्या हे यंत्र जळाले तर हिशेब कुठे आहे?

हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि पासबुक छापणारा प्रिंटर फक्त विंडोजवर चालतात, आणि सॉफ्टवेअरवाला दुसरीकडे चालवून द्यायला तयार नाही. तिथे लिनक्सचा हट्ट धरणे म्हणजे कुळाभिमान झाला असता. ते यंत्र नवे घेऊन विकतची विंडोज ११ घ्यायला सांगितले. ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. जुने यंत्र त्यात बसत नव्हते. ज्यांना लगेच खर्च जमत नाही त्यांच्यासाठी विंडोज १०ची वाढीव देखभाल आहे. घरगुती ग्राहकाला ऑक्टोबर २०२६ पर्यंत, संस्थांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षे, आणि शुल्क दरवर्षी दुप्पट.

उरलेली दोन यंत्रे पत्रव्यवहार, ईमेल आणि सरकारी संकेतस्थळांसाठी. तिथे लिनक्स मिंटची आवृत्ती टाकली. तिची देखभाल २०२९ पर्यंत आहे आणि जुन्या यंत्रावर ती सहज चालते. अडचण आली ती सुरक्षेची नव्हे, मराठीची. पंधरा वर्षांची पत्रे जुन्या खासगी फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट त्याच्या डोंगलसकट विंडोजशी बांधलेला. युनिकोडमध्ये लिहिले असते तर तीच पत्रे कुठल्याही प्रणालीवर उघडली असती. जुन्या प्रणालीला आपण चिकटून राहतो त्यामागे प्रेम कमी आणि असे दोर जास्त असतात. ती पत्रे युनिकोडमध्ये आणायचे काम सध्या चालू आहे.

रोजच्या कामासाठी साधे खाते दिले, मालकाचे खाते वेगळे. हिशेबाची प्रत रोज संध्याकाळी एका डिस्कवर घ्यायची आणि डिस्क काढून तिजोरीत ठेवायची. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायची, कारण न उघडलेली प्रत म्हणजे नुसती आशा. आणि फोनबद्दल बजावले. अँड्रॉइडचे कूळ कितीही चांगले असले तरी व्हॉट्सॲपवर आलेली 'पीएम किसान' किंवा 'चलन' नावाची एपीके फाइल आपणच बसवली, तर कारभारी काय करणार? आपणच आतून कडी काढलेली असते. जुन्या फोनला कंपनीचे अपडेट येणे थांबले असेल, तर त्यावर संस्थेचे व्यवहार करू नयेत.

व्यवस्थापकांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे लिनक्स सुरक्षित का नाही?" मी म्हटले, "आहे, जोवर तुम्ही दर आठवड्याला अपडेट घेताय तोवर. विंडोजलाही हीच अट."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि पहिल्या पानावर तीन यंत्रांची नावे लिहिली. पुढे रकाने : प्रणाली, देखभालीची शेवटची तारीख, शेवटचे अपडेट, प्रत तपासल्याची तारीख, सही. त्या लक्ष्मीपूजनाला ही वहीही पाटावर ठेवायचे त्यांनी ठरवले. की-बोर्डवर मात्र कुंकू टाकू नका, एवढे मी सांगून ठेवले आहे.